जुनी ऑडी ए३ घेताय? ‘सतराचं मॉडेल’ ऐकून बयाणा देऊ नका

मिरजेत विकायला निघालेली प्रत्येक जुनी ऑडी डॉक्टरांचीच असते. एकाच मालकाची, घर ते दवाखाना एवढीच फिरलेली आणि वर ‘सतराचं मॉडेल’. डॉक्टर आणि दवाखाना एक वेळ खरं धरा. पण सतराचं मॉडेल म्हणजे काय, हे एजंटाला दोनदा विचारा, कारण ए३ मध्ये २०१७ साली दोन वेगळ्या गाड्या विकल्या गेल्या.

जगात ही गाडी १९९६ पासून आहे. २००३ ला दुसरी पिढी आली, २०१२ ला तिसरी. आपल्याकडे आली ती तिसऱ्या पिढीची, डिकीवाली सेडान. ऑगस्ट २०१४ मध्ये, औरंगाबादच्या कारखान्यात जोडलेली, दिल्लीत एक्स-शोरूम २२.९५ लाखांपासून. पेट्रोलमध्ये १.८ टीएफएसआय, १८० अश्वशक्तीचं. डिझेलमध्ये २.० टीडीआय, १४३ चं. एप्रिल २०१७ मध्ये फेसलिफ्ट, म्हणजे त्याच पिढीचं सुधारलेलं रूप, आलं. हेडलाइट बदलले, ग्रिल बदललं, हे सगळे दाखवतात. पेट्रोल इंजिनच बदललं हे मात्र कुणी बोलत नाही. १.८ गेलं आणि १५० अश्वशक्तीचं १.४ टीएफएसआय आलं. किंमत ३०.५ लाखांपासून सुरू झाली, २०१९ मध्ये ती २८.९९ वर उतरवली. एप्रिल २०२० ला धुराचा बीएस-६ हा नियम लागू झाला आणि ए३ आपल्या शोरूममधून गेली. म्हणजे सगळा खेळ सहा वर्षांचा.

आता चूक कुठे होते? लोक आरसीवरची नोंदणीची तारीख बघतात. शोरूममध्ये पडून राहिलेली आधीच्या साच्याची गाडी २०१७ च्या उन्हाळ्यात पासिंग झाली, तरी कागदावर ती सतराचीच. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं लिहिलेलं असतं, ते वाचा. त्याहून खात्रीचं म्हणजे डिकीतला कापड-पुठ्ठा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बघा. तिथे एक पांढरं स्टिकर असतं. चासी नंबर, इंजिनचा कोड, गिअरबॉक्सचा कोड आणि रंगाचा कोड, सगळं त्यावर. हेच स्टिकर सर्व्हिस बुकातही चिकटवलेलं असतं. दोन्ही जुळली तर पुढे बोला. खड्ड्यातलं स्टिकर फाडलेलं किंवा पाण्याने उडालेलं दिसलं तर कारण विचारा. त्या कारणाकडे मी पुन्हा येतो.

गाडीच्या मागच्या बिल्ल्यावरच्या ३५ आणि ४० या आकड्यांवरून तर पारावर वाद होतात. ३५ टीडीआय म्हणजे साडेतीन लिटरचं इंजिन, असं मला एका शिकल्यासवरल्या माणसाने छातीठोक सांगितलंय. या आकड्यांचा लिटरशी काही संबंध नाही. १.८ पेट्रोलवर ४० होतं आणि नव्या १.४ वर ३५ आलं. पेट्रोल गाडीवर ३५ दिसलं म्हणजे ती फेसलिफ्टनंतरची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. अर्थात बिल्ला बदलायला पाच मिनिटं लागतात, म्हणून स्टिकरच बघा.

सालावर एवढा जोर देण्याचं कारण म्हणजे इंजिन कळलं की देखभाल कळते. १.८ ला टायमिंग चेन आहे. १.४ ला आणि डिझेलला बेल्ट आहे. बेल्ट नुसता किलोमीटरवर बदलत नाहीत, वर्षांवरही बदलतात. ‘चाळीसच हजार फिरलीय, बेल्टची काय घाई’ असं म्हणणाऱ्याची गाडी आज दहा वर्षांची असू शकते. १.४ ची आणखी एक गंमत आहे. हळू, सपाट रस्त्यावर पाय हलका ठेवला की ती चारपैकी मधली दोन सिलिंडर बंद करते आणि समोर तसं लिहूनही दाखवते. हा दोष समजून प्लग आणि कॉइल बदलून घेतलेले लोक आहेत.

गिअरबॉक्सबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण पैसे तिथेच जातात.

पेट्रोल ए३ ला सात गिअरचा एस-ट्रॉनिक, म्हणजे ऑडीचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, कोरड्या क्लचचा. डिझेलला सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा. नाव एकच, पण तब्येत वेगळी. डिझेलवाल्याचं गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. सर्व्हिसच्या बिलांत ती ओळ सापडली नाही तर ते काम झालेलंच नाही असं समजा आणि तेवढा भाव पाडा. ‘ऑटोमॅटिकला तेल लागत नाही’ हे वाक्य ज्या मिस्त्रीकडून ऐकाल तिथून गाडी काढून घ्या.

कोरड्या क्लचचं दुखणं घाटात कळतं. रविवारी संध्याकाळी पुण्याहून येताना खंबाटकी चढायचा, पुढे उसाने भरलेला ट्रक किंवा बस, आणि आपण ॲक्सिलरेटरवर पाय टेकवून गाडी चढावर तोलून धरायची. ही सवय आपल्याला जुन्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर देणाऱ्या, ऑटोमॅटिक गाड्यांनी लावली. इथे तसं केलं की क्लच सतत घसटत राहतो आणि तापतो. ब्रेक पूर्ण दाबा म्हणजे क्लच सुटतो. पुढच्या गाडीला वीस-पंचवीस फूट जाऊ द्या आणि मग एकदम सुटा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

बघायला गेल्यावर गाडी थंड असताना सुरू करा आणि मग गर्दीतून फिरवा. सांगलीत त्यासाठी लांब जावं लागत नाही, संध्याकाळचा मारुती रोड बास आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हादरा बसतो का, रिव्हर्स टाकल्यावर वेळ लागतो का, हे बघा. या सात गिअरच्या डब्यात एक क्लच १, ३, ५, ७ सांभाळतो आणि दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. म्हणून रिव्हर्स गेला आणि गाडी दुसऱ्यातही जाईना, तर बिघाड त्या एका बाजूचा आहे. अशा वेळी अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणणाऱ्याला आधी स्कॅनचा कागद मागा. तेलाचा दाब सांभाळणारा मेकाट्रॉनिक नावाचा भाग या डब्यात बदनाम आहे, पण तो वेगळा दुरुस्त होतो.

आणि त्याच्याही आधी बॅटरी. माझ्या मेव्हण्याचा एकदा सकाळी सहाला फोन, “दाजी, गिअरबॉक्स गेला!” समोर लाल-पिवळे दिवे, गिअरचा आकडा लुकलुकतोय. एका गॅरेजने गाडी ओढून नेऊन लाखाच्या वरचा आकडा लिहून दिला. दुसरीकडे तपासलं तर बॅटरी मेलेली. स्टार्ट-स्टॉप असलेल्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाडीत त्याने स्वस्त म्हणून साधी बॅटरी बसवली होती. तिथे एजीएम किंवा ईएफबी जातीचीच लागते. व्होल्टेज पडलं की या गाडीचे सगळे कंट्रोलर एकदम बोंब मारतात आणि प्रत्येक जण स्वतःला आजारी म्हणवतो.

आता त्या स्टिकरकडे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ ची. २०२१ च्या जुलैतही पाणी शिरलं. आपल्याकडे विकलेल्या बहुतेक ए३ तोपर्यंत रस्त्यावर आलेल्या होत्या, काही गावभागात आणि नदीकडच्या तळघरांत उभ्या होत्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून आजही फिरतात. बॉनेटपर्यंत बुडायची गरज नाही, सीटच्या खालपर्यंत पाणी आलं तरी वायरिंगची वाट लागते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, गुंडाळीतल्या भागावर गाळाची रेघ राहते. त्याच्या मुळाशी शिवलेल्या लेबलवर तारीख असते. गाडी सोळाची आणि सगळे बेल्ट वीसचे, मग हे कशाला बदलले? सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, कार्पेटखालचा फोम दाबा, विम्याच्या आधीच्या क्लेमची माहिती काढायला लावा.

पण ओल दिसली की लगेच पुराची गाडी म्हणून पळू नका. मोठं सनरूफ असलेल्या ए३ मध्ये चारही कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. कडुलिंबाखाली गाडी लावली की त्या चोंदतात आणि पाणी पायाशी उतरतं. पुराच्या ओलीला गाळ असतो, या ओलीला नसतो. सनरूफ उघडून कोपऱ्यात अर्धा तांब्या पाणी हळू ओता, खाली रस्त्यावर ठिबकलं पाहिजे. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने हवा मारू नका, नळी आतल्या आत निसटते आणि मग छताचं कापड उतरवावं लागतं.

किरकोळ दोन-तीन गोष्टी. कूलंटची पातळी महिन्याला थोडी उतरत असेल तर थर्मोस्टॅटचं प्लास्टिक घर पाझरतंय का बघा, या पेट्रोल इंजिनांत ते होतं. त्यात नळाचं पाणी आणि हिरवं कूलंट मिसळू नका. पेट्रोलसाठी ऑइलच्या डब्यावर फोक्सवॅगनचा ५०२ ०० किंवा ५०४ ०० हा मंजुरी क्रमांक असायला हवा, नुसतं ‘सिंथेटिक’ पुरत नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, ३२१७ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. आठ-नऊ वर्षांच्या टायरला रबर कितीही दिसू दे, बदलायचाच. सुटे भाग ऑनलाइन मागवताना साल टाकू नका, चासी नंबर टाका. त्याच सालच्या युरोपातल्या ए३ मध्ये आपल्याकडे कधी न आलेली इंजिनंही आहेत.

दिल्लीकडची डिझेल ए३ दोन-अडीच लाखांनी स्वस्त म्हणून दाखवतील. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले होते म्हणून ती इकडे आलीय. तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, सांगलीच्या एमएच-१० ची नवी नोंदणी हे सगळं धरून बेरीज करा, आणि एनओसी हातात पडेपर्यंत एजंटाला पूर्ण पैसे देऊ नका. मेव्हण्याने दिले होते. त्याची गाडी चार महिने दिल्लीच्या नंबरावर कुपवाडला गोडाऊनमध्ये उभी होती, आणि तिथेच ती बॅटरी मेली.