हॅमॉकच्या पट्ट्याला न उसवणारा लूप कसा शिवायचा

मागच्या हुरड्याच्या सीझनला सोलापूरजवळ होटगीकडच्या शेतात दोन कडुलिंबांच्या मध्ये मी घरी शिवलेला हॅमॉक, म्हणजे झोपायची कापडी झोळी, दोन पट्ट्यांनी बांधला आणि मोठ्या थाटात दाजींना म्हटलं, बसा. दाजी बसले, एकदा झोका घेतला आणि टर्रर्र आवाज करत खाली. कंबर वाचली पण कणसं भाजायचं सोडून सगळे हसतायत आणि दाजी मातीत बसूनच म्हणतायत, "काय बे ही तुझी शिलाई!" घरी येऊन बघितलं तर पट्टा शाबूत, एक धागा सुटला नव्हता, शिवण मात्र पूर्ण उसवलेली. म्हणजे आपण सगळे पट्टा किती दणकट आहे ते बघत बसतो, आणि तुटतं ते टीप मारलेल्या जागी.

आधी वजनाचा हिशोब, कारण इथंच सगळे फसतात. माणूस ८० किलोचा म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर ४०-४० असं नसतंय. पट्टा आडव्या रेषेपासून ३० डिग्रीने खाली आला तर एकेका पट्ट्यावर ८० किलो येतात, १५ डिग्री केला तर साधारण १५५, आणि १० डिग्री म्हणजे अगदी खाटेसारखा ताणून बांधला तर २३० च्या आसपास. वर झोका, धपकन बसणं, पोरांच्या उड्या हे वेगळंच. मी हौसेने ताणूनच बांधला होता. ३० डिग्रीसाठी अंगठा आणि पहिलं बोट बंदुकीसारखं ताणा, बोट आडवं धरा, पट्टा अंगठ्याच्या आणि बोटाच्या टोकांच्या रेषेत गेला की झालं.

पट्टा घेताना दुकानात नुसतं "नवार द्या" म्हटलं की बॅगेची हलकी, गुळगुळीत नवार पुढं येते, ती बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची असते. एक तुकडा पाण्यात बुडवून हवा दाबून काढा, सोडल्यावर तरंगला तर तोच माल, ठेवून द्या, उन्हात लवकर कुजतो आणि सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते सांगायला नको. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. नायलॉन ओला झाला की लांबतो, रात्री दव पडलं की सकाळी पाठ जमिनीला टेकते, म्हणून पॉलिस्टर घ्या, २५ मिलिमीटर रुंद, घट्ट विणीचा. जुन्या खाटेची सुती नवार मात्र नको, आज्जीची असली तरी.

दोरा हा खरा मुद्दा. आई युनिफॉर्मची कामं घरी आणून शिवायची त्यामुळे आमच्याकडं शर्टाच्या दोऱ्याच्या रिळांचा ढीग, तोच मी वापरला. तो साधारण किलोभर ओढीला तुटतो. माझ्या चौकोनी शिवणीत सत्तर-एक टाके होते, एका टाक्याला एक किलो असा मुद्दाम कमी धरून हिशोब केला तरी सत्तर किलो, आणि पट्ट्यावर दीडशेच्या वर! बॅगा, चपला शिवणारे वापरतात तो जाड बॉन्डेड (वरून लेप दिलेला) पॉलिस्टर दोरा आणा, तो चार-पाच किलोला तुटतो. रंग पट्ट्यापेक्षा एकदम वेगळा घ्या, काळ्या पट्ट्यावर पिवळा, म्हणजे एखादा टाका तुटला की लांबूनच दिसतो.

मशीन आईचं जुनं काळं उषा, पायाचं. ह्याला जाड दोरा चालतो, फक्त सुई १८ नंबरची लावा आणि बॉबिनमध्येही तोच दोरा भरा. टाका ३ मिलिमीटरचा. बारीक टाका म्हणजे मजबूत हे शर्टाला ठीक, इथं जवळजवळ भोकं पडली की पट्टा पोस्टाच्या तिकिटासारखा फाटतो. आधी तुकड्यावर टीप मारून बघा, खाली दोऱ्याचे झुपके दिसले तर वरचा ताण वाढवा, गाठ दोन थरांच्या मध्ये लपली पाहिजे.

आता शिवण. टोक मेणबत्तीवर नुसतं बंद होईल एवढंच जाळा, जाड गाठोडं झालं की सुई मोडते. लूप दहा-बारा सेंटिमीटरचा ठेवून टोक पट्ट्यावर ८ सेंटिमीटर चढवा, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, टाचण्या सरकतात. मग लांबीच्या दिशेने टीप मारत जा, शेवटाला सुई आतच ठेवून पट्टा वळवा, दोन छोटे टाके (मिळून पाचेक मिलिमीटर) आडवे, परत खाली, अशा पाच रेघा, एका दमात, दोरा न तोडता. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत, काठावर टाका नको. सुरुवातीला आणि शेवटी चार-पाच टाके उलटी टीप. एका रेघेत साधारण २७ टाके, पाच रेघांत १३५, टाक्याला ४ किलो धरले तरी ५४० होतात. घाई करू नका, जोरात चालवलं की सुई तापते आणि पट्टा वितळून चिकटतो, मी तर वळणावर चाक हातानेच फिरवतो. चौकोनात फुलीवाली शिवण छान दिसते खरी पण आडव्या टाक्यांची गर्दी कशाला, ओढ लांबीला असते.

लूप छोटा का नको? पट्टा लांबीला ओढला की सगळे टाके मिळून वजन घेतात. पण लूप लहान आणि त्यात जाड कडी घातली की दोन्ही बाजू फाकतात, मग सगळा जोर पहिल्या टाक्यावर, तो गेला की दुसरा, केळं सोलल्यासारखं. माझं अर्धं तेच झालं होतं, लूप जेमतेम चार सेंटिमीटरचा आणि त्यात गाडीचं सामान बांधायचा जाड हूक.

मशीन नसेल तर चप्पल शिवणाऱ्या काकांकडं न्या, मेणाच्या दोऱ्याने आरीने शिवून देतात, फक्त रेघा खडूने आखून द्या नाहीतर ते सवयीने कडेकडेने शिवतील.

टेस्ट स्वतः बसून करू नका. हॅमॉक जमिनीपासून वीतभर उंच बांधा, आत पन्नास किलोच्या सिमेंटच्या चार गोण्या ठेवा, रात्रभर राहू द्या. गाडीला बांधून ओढायचं नाही, पट्टा सुटला की कडी गोळीसारखी येते. सकाळी टाके बघा, भोकं लांबट झालीत का, दोरा सैल पडलाय का. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, परत बघा, दोऱ्याचा रंग उडाला असेल तर उसवून नव्याने शिवा. हे लूप झोपायला आहेत, डोंगराच्या कड्यावरून दोर लावून उतरायला अजिबात नाहीत.

नवे लूप आठवडाभर गोण्यांवर झुलतायत. दाजी म्हणालेत, पहिल्यांदा तू बस.