भांडं कापून पाहायची सवय

कुंभाराच्या चाकावरच्या कामात चूक होते एका दिवशी आणि दिसते भलत्याच दिवशी. भट्टीतून काढलेल्या वाटीच्या बुडाला इंग्रजी ‘एस’सारखी चीर दिसली की खापर भट्टीवर फुटतं. प्रत्यक्षात गोळा उघडल्यावर (म्हणजे अंगठ्याने त्यात मधोमध खड्डा केल्यावर) तळ दाबायचा राहिलेला असतो आणि त्याला दोन आठवडे होऊन गेलेले असतात. कपाचा कान सुकताना सुटतो, कारण लावला तेव्हा कपाची ओल वेगळी होती आणि कानाची वेगळी. सहा-सहा महिने चाकावर बसूनही ज्यांची भांडी जड आणि वाकडीच निघतात, त्यांचा हात वाईट असतो असं नाही. भांडं उभं राहिलं या आनंदात ते फळीवर जातं आणि आत काय झालंय हे कुणी बघतच नाही.

म्हणून पहिली पन्नास भांडी भट्टीत घालायचीच नाहीत, असं ठरवूनच बसा. करायची, कापायची, बघायची आणि माती परत मळायची. जिवावर येतं, पण भाजण्याआधी मातीचं काहीच वाया जात नाही. उरलेली माती पूर्ण सुकवून पाण्यात टाकली की काही तासांत आपोआप फुटून तिचा चिखल होतो. घाई करून अर्धवट ओली टाकाल तर मात्र गोळे दिवसेंदिवस तसेच राहतात. ठणठणीत कोरडी मातीच पाणी झपकन ओढते. हा चिखल प्लास्टरच्या लादीवर पसरला की एक-दोन दिवसांत मळण्याजोगा होतो.

एकच आकार, एकच वजन

सरावासाठी सरळ नळकांडं घ्या. वाटी सोपी वाटते, कारण फिरणारी माती आपणहून बाहेर पसरते आणि निम्मं काम चाकच करून टाकतं. हाताच्या चुका त्यात लपून जातात. नळकांड्यात तसं लपवता येत नाही.

वजनकाट्यावर ५०० ग्रॅमचे दहा गोळे करून ठेवा. बाहेरचा व्यास ८ सेंमी आणि तळाची जाडी ८ मिमी ठेवली, तर भिंत ८ मिमी जाड असताना उंची साधारण १२ सेंमी भरते. तीच भिंत ६ मिमीवर आली की उंची १६ सेंमीच्या आसपास जाते. वजन आणि व्यास पक्के असल्यामुळे नुसती पट्टी लावून भिंत किती जाड राहिली याचा अंदाज येतो. रोज वेगळ्या वजनाचा गोळा आणि रोज वेगळा आकार घेणाऱ्याला हा ताळा कधीच मिळत नाही. आज जमलं ते कशामुळे जमलं, हेही त्याला कळत नाही.

झालं की तार कडेवरून सरळ बुडापर्यंत उभी उतरवा आणि दोन्ही अर्धी अलगद वेगळी करा. आता कापलेली भिंत वाचायची.

बुडाच्या कोपऱ्यात मातीचा जाड त्रिकोण उरला असेल, तर बोटं वर ओढायला लागली तीच मुळी उंचावरून. नवशिक्यांची भांडी जड होतात ती बहुतेक याच त्रिकोणामुळे. बाहेरचं बोट चाकाच्या पाट्याला टेकवून, मातीच्या खाली शिरल्यासारखं आत दाबा. तिथे मातीची एक वळी फुगते. ती वळी आतल्या आणि बाहेरच्या बोटांत धरून वर न्यायची. वळी नसेल तर हात नुसता भिंतीवरून घसरतो, माती जागची हलत नाही.

भिंत मध्येच पातळ आणि वर पुन्हा जाड असेल, तर हात तिथे थबकला किंवा दाब वाढला. बाहेरून स्क्रूसारखे आटे दिसत असतील, तर हात चाकापेक्षा घाईत होता. चाकाच्या एका फेऱ्यात हात फार तर एका बोटाच्या रुंदीइतका चढावा. कड एका बाजूला उंच आली असेल, तर गोळा सेंटर न होताच, म्हणजे चाकाच्या बरोबर मधोमध न डगमगता फिरायला लागण्याआधीच, उघडला, किंवा उघडताना अंगठा मधोमध उतरला नाही. कड चिरली असेल, तर प्रत्येक ओढीनंतर ती दाबायची राहिली. दोन बोटांत कड हलकी धरून वरून तिसऱ्या बोटाने टेकवायची, तीन-चार फेऱ्यांपुरतीच.

हे आकडे वहीत जावेत. नोंद एवढीच पुरते: ‘५०० ग्रॅम, १० गोळे. उंची १० ते १३. बुडाशी १४ मिमी, मध्ये ६, कडेला ५. सातवा-आठवा बसला, पाणी फार.’ पुढच्या वेळी चाकावर बसण्याआधी हीच ओळ वाचायची आणि त्या दिवशी फक्त बुडाशी उरलेल्या १४ मिमीवर काम करायचं. कड, आकार, उंची यांचं काय व्हायचं ते होवो. दहा गोळ्यांत एकाच दोषाच्या मागे लागलं की तो सुटतो. पाच दोष एकदम धरले तर पाचही राहतात.

चाकावर बसण्याआधी

मळणं लोकांना कंटाळवाणं वाटतं आणि नेमकं तेच आधी गाळलं जातं. हवेचे बुडबुडे काढणं हा त्याचा अर्धाच उपयोग. ओल सगळीकडे सारखी करणं हा दुसरा आणि जास्त महत्त्वाचा. गोळ्यात एक बाजू घट्ट आणि एक मऊ असेल, तर कितीही जोर लावा, माती सेंटरला टिकत नाही. पन्नास-साठ वेळा मळा, तारेने मधोमध कापा आणि दोन्ही कापांवरून बोट फिरवा. भोकं दिसली किंवा बोटाला मऊ-कडक पट्टे लागले तर अजून मळायची.

माती किती मऊ हवी? अंगठा फारसा जोर न लावता आत जावा आणि ठशाच्या कडा फाटू नयेत. पिशवीतून काढलेली घट्ट माती तशीच चाकावर घेणं म्हणजे मनगटं दुखवून घेणं. नवशिक्याने थोडी मऊच घ्यावी.

कोपर, पाणी आणि घड्याळ

सेंटर करताना माती हलते आणि तिच्याबरोबर हातही हलतात; सगळा घोळ तिथे होतो. दोन्ही कोपरं मांडीत किंवा कमरेला घट्ट रोवा आणि जोर दंडातून न लावता पुढे झुकून अंगाच्या वजनाने लावा. हात दगडासारखा स्थिर राहिला की माती मुकाट्याने मध्ये येते. या वेळी चाक जोरात हवं. गोळा दोन-तीनदा शंकूसारखा वर चढवून खाली दाबा. हात काढताना एकदम उचलू नका, एका पूर्ण फेऱ्यात हळूहळू सैल करा. चांगली सेंटर झालेली माती शेवटच्या झटक्याने बिघडलेली जागोजाग दिसते. दुसऱ्याला काम करताना बघायला मिळालं, तर त्याच्या भांड्याकडे न बघता कोपरांकडे बघा.

माती सेंटर झाली की नाही हे डोळे फसवतात, बोट फसवत नाही. डोळे मिटून एक बोट मातीला हलकं टेकवा. धक्के जाणवले तर अजून झालेलं नाही आणि असा गोळा उघडूच नका. ‘पुढे होईल सरळ’ म्हणून उघडलेला गोळा पुढे सरळ होत नाही.

पाणी हातांना लावायचं, मातीवर ओतायचं नाही. आत साठलेलं पाणी प्रत्येक ओढीनंतर स्पंजने टिपून घ्या. माती पाणी पीत राहते आणि वीस मिनिटांनी तिच्यात उभं राहायची ताकद उरत नाही. म्हणून वेळ बांधून घ्या: गोळा पाट्यावर बसवल्यापासून दहा मिनिटांत भांडं पुरं, आणि भिंत तीन ओढींत वर. उघडताना चाक सेंटरिंगपेक्षा हळू हवं, ओढताना त्याहूनही. भांडं कोसळायला लागलं तर सावरत बसू नका. सावरलेलं भांडं काहीच शिकवत नाही आणि तेवढ्या वेळात दुसरा गोळा होतो. हात थकल्यावरही थांबा. आठवड्यात एकदा सलग चार तास बसण्यापेक्षा एकेक तास तीनदा बसणं बरं.

गोळा उघडताना तळ ८ ते १० मिमी ठेवा. मोजायला सुई मधोमध खुपसायची, वर बोटाने खूण धरायची आणि बाहेर काढून बघायची. भोक आपोआप बुजतं. मग तळ स्पंजने किंवा लाकडी पट्टीने मधून कडेकडे आणि कडेकडून मध्ये, असा तीन-चारदा दाबा. भिंत ओढताना दाबली जाते, तळ मात्र आपण मुद्दाम दाबल्याशिवाय तसाच पोकळ राहतो. त्यात पाणी साठलेलं असलं तर तो सगळ्यात शेवटी सुकतो, आजूबाजूची माती आधीच घट्ट झालेली असते आणि ताण सहन न होऊन मध्ये फाटतो. सुरुवातीला सांगितलेली ‘एस’ची चीर ती हीच.

थांबायचं कुठे, हे नखाला विचारा

सुकण्याच्या काळात नवशिक्या दोनच गोष्टी करतो: विसरतो किंवा घाई करतो. कड आणि कान आधी सुकतात, बूड शेवटी. कड आकार धरू लागली की भांडं पालथं घाला आणि वर प्लास्टिक सैल टाका. नखाने दाबल्यावर बारीक खूण उठते पण भिंत वाकत नाही, तो बूड खरवडायचा आणि कान लावायचा मुहूर्त. नख सहज रुतलं तर लवकर आहे. खरवडताना मातीच्या लांब फिती निघाव्यात. भुसा उडायला लागला तर उशीर झाला.

कान आणि भांडं एकाच ओलीचं हवं. दोन्हीकडे काट्याने ओरखडे काढा, त्याच मातीची पातळ स्लिप (पाण्यात कालवलेला चिखल) लावा आणि थोडं हलवत दाबा. मग कान लावलेलं भांडं पूर्ण झाकून एक दिवस तसंच राहू द्या, म्हणजे ओल सारखी होते.

आपली माती किती आटते हे एकदा मोजूनच ठेवा. ओल्या मातीच्या पट्टीवर १० सेंमीची रेघ ओढा आणि पट्टी शेवटपर्यंत भाजा. रेघ ८.८ सेंमी भरली तर आटणं १२ टक्के, म्हणजे ९ सेंमी उंच कप हवा असेल तर चाकावर तो १० सेंमी २ मिमी करावा लागेल. झाकणं बसत नाहीत त्यातली बरीचशी झाकण आणि भांडं वेगवेगळ्या दिवशी अंदाजाने केल्यामुळे.

भट्टीत घालण्याआधी भांडं गालाला लावून बघा. थंड लागलं तर आत ओल आहे. भांडं भट्टीत फुटतं ते अडकलेल्या हवेमुळे, असं सर्रास सांगितलं जातं, पण फोडते ती वाफ. मातीत उरलेलं पाणी १०० अंश सेल्सिअसला वाफ होतं आणि जाड भिंतीतून बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ठिकऱ्या उडतात. म्हणून शंका असेल तेव्हा भट्टी ८०-९० अंशांवर काही तास रोखून धरायची. पहिली भाजणी साधारण ९५० ते १००० अंशांची असते. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्‌झचं आकारमान एकदम बदलतं, तेव्हा चढताना आणि उतरतानाही तिथे सावकाश.

ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) केलेलं भांडं चिरलं तर चिरेची कड बोटाने तपासा. कडा गोलसर असतील आणि ग्लेझ आत उतरलं असेल, तर चीर आधीची आहे, म्हणजे शोध सुकण्यात किंवा त्याही मागे. कडा काचेसारख्या धारदार असतील तर भांडं थंड होताना फुटलं. फुटकं भांडं टाकण्याआधी एवढं बघून वहीत लिहा.

ग्लेझ लावण्याआधी भाजलेलं भांडं ओल्या स्पंजने पुसा आणि मग त्याला तेलकट हात लावू नका. धूळ किंवा तेल राहिलं तिथे ग्लेझ गोळा होऊन मागे सरतं. बुचकळून तीन सेकंद मोजा, बुडाची ३ मिमी पट्टी कोरी ठेवा. नवं ग्लेझ आधी तुकड्यावर, मग भांड्यावर.

एक सवय तब्येतीसाठी: टेबल आणि जमीन ओल्या फडक्याने पुसा, कधी झाडू नका आणि सुकलेलं भांडं कोरडं घासू नका. मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते.

एका बैठकीच्या दहा नळकांड्यांत उंचीचा फरक १ सेंमीच्या आत आला आणि कापल्यावर बूड ते कड जाडीत २-३ मिमीपेक्षा जास्त तफावत दिसली नाही, की भांडी ठेवायला लागा. तेव्हाही दहांतली नऊ ठेवा आणि एक कापा. ती एक निवडताना सगळ्यात वाकडी उचलू नका, तिचे दोष न कापताच दिसतात. जी सगळ्यात चांगली वाटते तिच्यावर तार फिरवा.