घरच्या गॅरेजमध्ये टीअरड्रॉप ट्रेलर बांधण्यापूर्वीचे वजनाचे गणित

समोर गोलाई, मागे निमुळती उतरण, आत दोघांपुरता बिछाना आणि मागचे झाकण उचलले की उभ्याने स्वयंपाक करण्यापुरता ओटा, एवढाच कारमागे ओढायच्या टीअरड्रॉप, म्हणजे अश्रूच्या थेंबासारख्या आकाराच्या, ट्रेलरचा संसार असतो. अमेरिकेत १९४७ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने त्याचे नकाशे छापले होते आणि तेव्हापासून घरच्या गॅरेजमध्ये तो बांधण्याची परंपरा तेथे टिकून आहे. तेथे राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांना सुट्टीत राष्ट्रीय उद्यानांकडे जायचे असते, परंतु मोठी गाडी घ्यायची नसते, त्यांच्या आवाक्यातला हा प्रकल्प आहे. मात्र करवत हातात घेण्यापूर्वी निदान महिनाभर कागद, पेन्सिल आणि वजनकाटा यांच्यासोबत घालवावा.

पहिला आकडा आपल्या कारच्या मालकपुस्तिकेत सापडतो. उदाहरणार्थ, होंडा सीआर-व्हीच्या पेट्रोल प्रकाराची ओढण्याची मर्यादा अमेरिकेत १५०० पाउंड, म्हणजे सुमारे ६८० किलो आहे. ही मर्यादा सामानासकट भरलेल्या ट्रेलरची असते, म्हणून भरलेला ट्रेलर १२०० पाउंडांच्या आत ठेवण्याचे ठरवावे. त्यातले ३०० पाउंड पाणी, बर्फपेटी, अंथरूण, भांडी आणि कपडे सहज खातात. केवळ पाच गॅलन पाणीच ४२ पाउंड भरते. उरलेल्या ९०० पाउंडांत चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा), चाके, भिंती, छप्पर, दारे आणि ओटा बसवायचे आहेत. आपल्या कारचा आकडा वेगळा असेल तर हेच गणित त्या आकड्यापासून मागे मांडत यावे.

यासाठी एक वही करावी आणि प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे लिहावेत: तिचे वजन आणि हिचच्या, म्हणजे कारमागे ट्रेलर जोडण्याच्या जोडणीच्या, गोळ्यापासून तिचे अंतर. दुसरा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि ट्रेलर रस्त्यावर सरळ चालणार की शेपटी हलवणार हे नेमके त्यावरच ठरते. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर पडला पाहिजे. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, हे आपल्याकडच्या गाडीवानांना कोणी शिकवावे लागत नसे. टीअरड्रॉपचा तोल सांभाळण्याचे शास्त्र तेच आहे, फक्त ताशी साठ मैलांच्या वेगाने त्याची शिक्षा फार कठोर असते.

समजा, गोळ्यापासून अॅक्सल (चाकांचा आस) १०० इंचांवर आहे, ट्रेलरचे वजन १००० पाउंड आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य ८८ इंचांवर येतो. मग हिचवरचा भार १००० गुणिले १२ भागिले १००, म्हणजे १२० पाउंड किंवा १२ टक्के होतो. आता ५० पाउंडांची बर्फपेटी मागच्या ओट्याखाली, गोळ्यापासून १३० इंचांवर ठेवली, तर हिचवरचे १५ पाउंड कमी होतात आणि प्रमाण थेट १० टक्क्यांवर येते. माझ्या पहिल्या आराखड्यात स्टेपनी मागच्या बाजूला दिमाखात टांगलेली होती. ३५ पाउंडांची ती स्टेपनी १४५ इंचांवर असल्यामुळे आणखी जवळजवळ १६ पाउंड उचलून नेत होती, हे वहीतल्या बेरजेने दाखवले आणि ती पुढच्या दांड्यावर आली. बॅटरीही तेथील पेटीतच ठेवावी. मात्र हिचवरचा भार कारच्या स्वतःच्या मर्यादेत राहिला पाहिजे आणि तो प्रवासी व सामान यांच्यासह कारच्या वहनक्षमतेतही मोजला जातो, हे विसरू नये.

चॅसीचे दोन मार्ग आहेत. तयार मालवाहू ट्रेलरचा सांगाडा घेतला तर अॅक्सलची जागा ठरलेली असते, त्यामुळे आपली खोली त्यावर पुढेमागे सरकवून तोल साधावा लागतो. सांगाडा नव्याने करून घेणार असल्यास वेल्डिंगचे काम अनुभवी माणसाकडेच द्यावे आणि अॅक्सलची जागा वहीतल्या बेरजा पूर्ण झाल्यावरच पक्की करावी. टॉर्शन अॅक्सल (ज्याच्या नळीतील रबर धक्के झेलते) मागवताना क्षमता प्रत्यक्ष वजनाच्या जवळची सांगावी. ३५०० पाउंडांचा अॅक्सल १२०० पाउंडांच्या ट्रेलरखाली दबतच नाही, आणि प्रत्येक खड्डा कपाटातल्या भांड्यांपर्यंत जसाच्या तसा पोचतो.

आकार ठरवताना प्लायवुडच्या ४ बाय ८ फुटी तक्त्याला नमस्कार करून सुरुवात करावी, कारण बाजूची संपूर्ण भिंत त्या एका तक्त्यातून निघाली की सांधा वाचतो. रुंदीचेही तसेच आहे. साठ इंची क्वीन गादी हवी असा हट्ट धरला तर बाहेरची रुंदी पाच फुटांच्या वर जाते, आणि मग छपरावर पाच फुटी अॅल्युमिनियमचा अखंड पत्रा पुरत नाही. ५४ इंची गादीवर समाधान मानले तर छप्पर एकसंध राहते. आठ फूट, म्हणजे ९६ इंच लांबीतून गादीचे ७५ इंच वजा केले की जमिनीलगत ओट्यासाठी जेमतेम २१ इंच उरतात आणि त्यातूनही भिंतींची जाडी जाते. म्हणून पाय ओट्याखाली जातील अशा रीतीने मधली भिंत पायांच्या वरून सुरू करावी. छताचा सर्वांत उंच बिंदू आपण जेथे उठून बसणार तेथे डोक्यावर यावा. तो ट्रेलरच्या मध्यभागी यावा असा काही नियम नाही. पूर्ण आकाराची आकृती मोठ्या पुठ्ठ्यावर काढून भिंतीशी उभी करावी आणि तिच्याशेजारी गादी टाकून खरोखर झोपून, बसून पाहावे. हा पुठ्ठा पुढे कापण्याचा साचा म्हणूनही उपयोगी पडतो.

वजन खऱ्या अर्थाने वाचते ते भिंतींत. पाऊण इंची प्लायवुडचा पूर्ण तक्ता सुमारे ६५ पाउंड भरतो. त्याऐवजी बाहेरून पाव इंची, आतून एक अष्टमांश इंची प्लायवुड, मध्ये फोमचे तक्ते आणि कडांना व दारांभोवती लाकडी पट्ट्या, अशी भिंत केली तर ती त्याहून बरीच हलकी होते आणि थंडीही अडवते. तिचा तोटा असा की जेथे बिजागरी, कपाट किंवा चाकावरचा मडगार्ड बसणार, तेथे आत लाकूड आधीच ठेवावे लागते, कारण फोममध्ये स्क्रू धरत नाही. म्हणून प्रत्येक स्क्रूची जागा कागदावर आधी ठरली पाहिजे.

पाणी बहुतेक वेळा मागच्या झाकणातून शिरते. रबरी पट्टीवर सारी भिस्त न ठेवता झाकणाच्या कडेखाली पन्हाळ द्यावी, म्हणजे पट्टी झिजली तरी पाणी बाहेरच्या बाजूला वाहून जाईल. पत्र्याच्या कडांखाली ब्यूटिल टेप, म्हणजे पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी, वापरावी. हवेसाठी छतात १४ इंची चौकोनी पंखा आणि बाजूला उघडणारी खिडकी ठेवावी. दोघांच्या श्वासातील बाष्प एका रात्रीत भिंती ओल्या करते. आत शेगडी किंवा गॅसचा हीटर मुळीच पेटवू नये आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावावा.

घरी बांधलेल्या ट्रेलरला ओळखक्रमांक आपले राज्य देते, म्हणून साहित्याच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपाव्यात. ब्रेकचे नियमही राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात एकूण वजन १५०० पाउंड झाले की ब्रेक लागतात, त्यामुळे तेथे १२०० चे उद्दिष्ट दुहेरी फायद्याचे ठरते.

बांधकाम संपल्यावर ट्रेलर नेहमीच्या सहलीप्रमाणे भरावा, पाण्यासकट, आणि ट्रकथांब्यावरच्या काट्यावर एकूण वजन घ्यावे. नंतर सपाट जागी चाकांना अडसर लावून, कपलर (गोळ्यावर बसणारे ट्रेलरचे टोक) ओढण्याच्या उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा स्नानगृहातल्या वजनकाट्यावर ठेवून हिचवरचा भार मोजावा. तो १० टक्क्यांखाली आला, तर पहिल्यांदा बर्फपेटी पुढे सरकवून पुन्हा मोजावे.