‘पर्यंत’ आणि ‘संशय’ यांचं इंग्रजी करताना या चुका टाळा

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका परदेशी ग्राहकाला मी मेल केला होता: ‘आय विल सेंड द फाईल टिल फ्रायडे.’ मला म्हणायचं होतं, शुक्रवारपर्यंत फाईल पाठवतो. त्याने उलट विचारलं, फाईल एकच आहे ना, मग शुक्रवारपर्यंत पाठवतच राहणार का? मला वाटलं थट्टा करतोय. पण माझ्या वाक्याचा अर्थ खरोखर तसाच होत होता.

दोष आपल्या ‘पर्यंत’चा. हा शब्द फार हरकाम्या आहे. ‘सोमवारपर्यंत थांब’ आणि ‘सोमवारपर्यंत पैसे दे’ या दोन्ही ठिकाणी तो सारखाच दिसतो. थांबणं सोमवार उजाडेतो चालूच राहतं. पैसे मात्र एकदाच द्यायचे असतात, सोमवार ही फक्त मुदत. आपल्याला हा फरक क्रियापदावरून आपोआप कळतो, म्हणून वेगळा शब्द लागत नाही. इंग्रजीत लागतो. चालू राहणाऱ्या गोष्टीला ‘टिल’ किंवा ‘अंटिल’, मुदतीला ‘बाय’. म्हणजे ‘वेट टिल मंडे’, पण ‘पे मी बाय मंडे’.

नियम पाठ करण्यापेक्षा एक सोपी युक्ती आहे. ‘पर्यंत’ काढून तिथे ‘च्या आत’ घालून बघा. ‘सोमवारच्या आत पैसे दे’ हे कानाला बरोबर वाटतं, म्हणून ‘बाय’. ‘सोमवारच्या आत थांब’ असं कुणीच म्हणणार नाही, म्हणून ‘टिल’. ही युक्ती वार, तारीख, वेळ अशा ठरावीक क्षणांना लागू पडते. ‘दोन दिवसांच्या आत’ असा कालावधी असेल तर ‘विदिन टू डेज’ म्हणायचं. इथे ‘इन टू डेज’ लिहिलंत तर समोरचा बहुधा दोन दिवसांनीच वाट बघायला लागेल.

(जाता जाता: ‘टिल’ हे ‘अंटिल’चं आखूड रूप आहे असं अनेकांना वाटतं. उलट ‘टिल’च जुना. त्यामुळे औपचारिक पत्रातही तो बिनदिक्कत वापरा, आणि त्याच्या आधी लोप दाखवणारं चिन्ह टाकू नका.)

वाक्य नकारार्थी असलं की बरेच जण अडखळतात, पण इथे मराठी उलट मदतीला येते. ‘तो दहाशिवाय उठत नाही’, ‘पैसे मिळाल्याशिवाय माल सुटणार नाही’ असं आपण सहज बोलतो. वेळेबाबतचा हा ‘शिवाय’ म्हणजेच इंग्रजीतला ‘नॉट टिल’. दुकान दहाशिवाय उघडत नाही: ‘द शॉप डझन्ट ओपन टिल टेन.’ इथे ‘विदाउट टेन’ करायला गेलात तर दहा रुपये दिल्याशिवाय शटर वर जात नाही असं काहीतरी व्हायचं.

रजेच्या अर्जात वेगळाच घोळ होतो. ‘आय ॲम ऑन लीव्ह टिल द ट्वेल्फ्थ’ असं लिहिलं, तर १२ तारखेला तुम्ही कामावर आहात की घरी? आपण ‘१२ तारखेपर्यंत रजा’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा १२ धरूनच म्हणतो. इंग्रजी ‘टिल’मध्ये ते नक्की नसतं. अमेरिकेत म्हणून ‘थ्रू’ वापरतात. ‘मंडे थ्रू फ्रायडे’मध्ये शुक्रवार आलाच. ब्रिटिश वळणाने लिहायचं तर ‘अप टू अँड इन्क्लूडिंग’. माझ्या मते सगळ्यात बरं म्हणजे कामावर कधी येणार तेच लिहावं: ‘बॅक ऑन द थर्टीन्थ.’ वादच नको.

जागेसाठी आणि आकड्यांसाठी ‘टिल’ लिहू नका. ‘स्टेशनपर्यंत सोडतो’ म्हणजे ‘आय विल ड्रॉप यू ॲट द स्टेशन’, ‘पुलापर्यंत चालत जा’ म्हणजे ‘वॉक ॲज फार ॲज द ब्रिज’, आणि ‘पाचशे रुपयांपर्यंत’ म्हणजे ‘अप टू फाइव्ह हंड्रेड’.

आता दुसरी जोडी: ‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’. ‘टिल’ चुकला तर फार तर हसू होईल. इथे अर्थच उलटा होतो. ‘चावी त्यानेच घेतल्याचा मला संशय आहे’ हे वाक्य आपण सरळ ‘आय डाउट ही टुक द की’ असं करतो. इंग्रजी वाचणाऱ्याला ते असं कळतं: त्याने चावी घेतली असेलसं मला वाटत नाही! ज्याच्यावर बोट ठेवायचं त्यालाच आपण निर्दोष सोडलं. तुम्हाला हवा असलेला शब्द ‘सस्पेक्ट’. मनातल्या मनात वाक्य ‘घेतली असावी’ असं संपत असेल तर ‘सस्पेक्ट’, ‘घेतली असेलसं वाटत नाही’ असं संपत असेल तर ‘डाउट’.

गंमत म्हणजे चारशे वर्षांपूर्वी आपली ही चूक चूक ठरली नसती. शेक्सपिअरचा हॅम्लेट ‘आय डाउट सम फाउल प्ले’ म्हणतो, तेव्हा काहीतरी काळंबेरं असावं असंच त्याला वाटत असतं. अगदी आपला संशय. स्कॉटलंडच्या बोलीत हा जुना अर्थ अजून टिकून आहे. पण कंपनीच्या चौकशी अहवालात हॅम्लेटचा आधार घेता येत नाही.

‘शंके’चंही असंच. ‘सर, एक डाउट आहे’ हे आपल्या क्लासेसमध्ये इतकं रुळलंय की तिथे ते बदलायचं कारण नाही. पण बाहेरच्या माणसाला ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर डिझाइन’ असं लिहिलं, तर तुमचं डिझाइन मला पटलेलं नाही असा त्याचा समज होतो आणि तो बचावाला उभा राहतो. नुसतं काही विचारायचं असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ लिहा.