‘कमेमोरेट’ लिहिताय? या चुका टाळा

स्मरणिका आणि निमंत्रणपत्रिकांचं इंग्रजी तपासून देणं हे माझं काम. ‘कमेमोरेट’ (commemorate), म्हणजे जाहीरपणे स्मृती जागवणं, हा शब्द दिसला की वाक्य वाचायच्या आधीच माझी पेन्सिल हातात येते.

पहिली चूक चांगल्या धडधाकट माणसाला मारणारी. एका शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होत होते. कुणा उत्साही माजी विद्यार्थ्याने ‘सरांच्या गौरवार्थ’चं इंग्रजी फोनवरच्या ॲपमधून काढलं आणि थेट छापलं: ‘टु कमेमोरेट अवर बिलव्हेड सर’. वर सरांचा फोटो. पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरली आणि संध्याकाळपर्यंत सरांच्या घरी फोन सुरू, ‘कधी गेले हो?’ तिसरा फोन खुद्द सरांनीच उचलला. पत्रिका माझ्याकडे आली ती त्यानंतर. आधी दाखवली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. पण घाईवाल्यांना छापून झाल्यावरच वेळ सापडतो.

हयात माणसासाठी ‘ऑनर’ लिहा, सत्कार असेल तर ‘फेलिसिटेट’. ‘कमेमोरेट’पुढे थेट माणसाचं नाव आलं की वाचणारा मनातल्या मनात फोटोला हार घालून मोकळा होतो.

म्हणून लगेच ‘हा शब्द फक्त गेलेल्यांसाठी’ असं पाठ करू नका. गेटवे ऑफ इंडियावर कोरलेला मजकूर वर मान करून कधी वाचलाय? पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी 2 डिसेंबर 1911 रोजी मुंबईत उतरले, त्याचं ‘कमेमोरेट’ तिथे आहे. 1924 साली कमान खुली झाली तेव्हा दोघंही हयात होते! तरी शब्द बरोबर, कारण त्या क्रियापदाचं कर्म राजा नाही, ‘लँडिंग’ आहे. माझी सवय सांगतो: लिहून झालं की कर्मावर बोट ठेवायचं. घटना असली तर पुढे जायचं. माणूस असला तर थांबून विचारायचं, ‘आहेत ना?’

मनातल्या मनात कमेमोरेट होत नाही. शाळेचे दिवस आठवले तर साधं ‘रिमेंबर’. दगड, टपाल तिकीट, नाणं, सभा, असं काहीतरी चारचौघांत व्हावं लागतं.

‘सेलिब्रेट’शी गल्लत तर रोजची. 1 मेला महाराष्ट्र दिन सेलिब्रेट करा. त्याच सकाळी हुतात्मा चौकात फुलं वाहता, ते कमेमोरेट. बाळाचा पहिला वाढदिवस ‘कमेमोरेट’ करणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही.

‘कमेमोरेट अबाउट’ नाही, ‘कमेमोरेट ऑफ’ही नाही. ‘ऑफ’ची फारच हौस असेल तर ‘इन कमेमोरेशन ऑफ’ लिहा.

स्पेलिंगमध्ये आधी दोन एम, मग एक.