रोड सायकलला इलेक्ट्रॉनिक गिअर टाकताय? या चुका टाळा

पसरणीचा घाट. वाईतून निघून दोन-तीन वळणं झाली असतील नसतील, ऊन चांगलंच वर आलेलं, आणि पुढची चेन पायडलजवळच्या मोठ्या दातेरी रिंगवरून खाली यायलाच तयार नाही. बटण दाबतोय, परत दाबतोय, ढिम्म. मागचे गिअर मात्र टकाटक पडतायत. ५० दातांच्या रिंगवर पाचगणीपर्यंत कसा पोचलो ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

आता यातली गंमत अशी की शिमानोच्या डीआयटूची, म्हणजे त्यांच्या इलेक्ट्रॉनिक गिअरची, बॅटरी उतरली की ती आधी पुढचा डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग) बंद करते, मागचा थोडा वेळ चालू ठेवते, म्हणजे माणूस निदान घरी पोचावा. म्हणजे सिस्टीम बरोबरच वागत होती. प्रश्न हा होता की बॅटरी उतरलीच कशी, कारण फुल चार्जवर साधारण १००० किलोमीटर जातात असं कंपनी सांगते आणि माझे ४०० पण झाले नव्हते. मी मनात ठरवून टाकलं की बॅटरी डिफेक्टिव्ह, नवी घ्यावी लागणार, गेले पैसे. पुण्यात आल्यावर मेकॅनिकनं सायकल स्टँडला लावली, एकदा सगळ्यात छोट्या गिअरवर टाकून ऐकलं, मागच्या डिरेलरचा लिमिट स्क्रू (तो कुठवर सरकेल ते ठरवणारा) अर्धा आटा सैल केला आणि म्हणाला, "सर, मोटर बिचारी भिंतीला धडका मारत होती." बस एवढंच. तो स्क्रू मी घरी स्वतः आवळला होता, जुन्या केबलवाल्या गिअरला आवळायचो तसा, टोकाला टेकेपर्यंत. डीआयटूच्या मोटरला गिअरच्या थोडं पुढं जाऊन मागं यायला जागा लागते, ती जागाच ठेवली नाही की मोटर जोर लावत राहते, कधीकधी गिअर आपोआप परत जातो, आणि बॅटरी भसाभस उतरते.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. इलेक्ट्रॉनिक गिअर टाकल्यावर जे बिघडतं, ते दहातल्या आठ वेळा इलेक्ट्रॉनिक नसतंच. स्क्रू असतो, हँगर (मागचा डिरेलर फ्रेमला ज्यावर लटकतो तो तुकडा) असतो, नीट न बसलेली वायर असते. आपण मात्र अॅप उघडून बसतो.

पैसे देण्याआधीच होणाऱ्या चुका

सगळ्यात महागडी चूक सायकलला हात लावायच्या आधीच होते. ओएलएक्सवर कुणीतरी डीआयटूचा मागचा डिरेलर स्वस्तात विकत असतो, अजून एकजण शिफ्टर (हँडलवरची गिअरची बटणं) विकत असतो, आपण दोन्ही उचलतो आणि घरी आल्यावर कळतं की एक ११-स्पीडचा (मागं ११ गिअर) आहे आणि एक १२-स्पीडचा. हे एकमेकांशी बोलत नाहीत. २०२१ मध्ये शिमानोनं १२-स्पीड ड्युरा-एस आणि अल्टेग्रा काढले, २०२२ मध्ये त्यांच्याहून स्वस्त १०५ डीआयटू आला, आणि या पिढीत वायरचा जॅकसुद्धा बदलला. जुन्या वायरी एसडी५०, नव्या एसडी३००, जुनी वायर नव्या बॅटरीत जातच नाही. त्यामुळे सेट घ्यायचा तर एकाच पिढीचा घ्या, आणि सेकंडहँड घेताना मॉडेल नंबरचा फोटो मागवा, विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, त्यालाही बऱ्याचदा माहिती नसतं.

ब्रेकचंही तेच. तुमची सायकल रिम ब्रेकची असेल तर १०५ डीआयटूचा विचार सोडून द्या, तो फक्त डिस्कसाठी येतो. अल्टेग्रात रिम ब्रेकचे शिफ्टर आहेत.

चाकांच्या बाबतीत मात्र लोक उगाच घाबरतात. शिमानोच्या १२-स्पीड रोड कॅसेट (मागच्या गिअरचा गठ्ठा) जुन्या ११-स्पीडच्या फ्रीहबवर (चाकाचा ज्यावर कॅसेट बसते तो भाग) बसतात, नवीन चाकं घ्यायची गरज नाही. दुसरी कंपनी स्रॅम, तिचं तसं नाही, त्यांच्या बहुतेक १२-स्पीड एएक्सएस (त्यांचे इलेक्ट्रॉनिक गिअर) कॅसेटमध्ये सगळ्यात छोटा गिअर १० दातांचा असतो आणि त्याला एक्सडीआर नावाचा वेगळा फ्रीहब लागतो. हे न बघता स्रॅम ऑर्डर करणारे दोघं माझ्या ओळखीतच आहेत, दोघांनीही नंतर फ्रीहबसाठी महिना-महिना वाट बघितली.

आणि घाटवाल्यांसाठी खास. मागच्या गिअरला दात जास्त तेवढा चढ सोपा, आणि अल्टेग्राचा मागचा डिरेलर अधिकृतपणे ३४ दातांपर्यंतच, १०५ चा मात्र ३६ पर्यंत जातो. महाग म्हणजे चांगला असं समजून अल्टेग्रा घेतला आणि मग ताम्हिणीत ३६ आठवला, असं होऊ देऊ नका. माझं वय आणि पोट बघता मी आज परत घेतला तर १०५ च घेईन.

वायर, टक् आणि खडखड

१२-स्पीड डीआयटूमध्ये शिफ्टर वायरलेस आहेत, पण मागचा आणि पुढचा डिरेलर अजूनही वायरनं बॅटरीला जोडलेले असतात आणि बॅटरी बसते सीटपोस्टच्या आत. म्हणजे लागतात दोनच वायरी. ऐकायला सोपं वाटतं, पण माझे पहिले दोन रविवार यातच गेले.

पहिली चूक लांबीची. मी दोरा घेऊन फ्रेम मोजली, बॅटरीपासून खाली बॉटम ब्रॅकेट (पायडलचा अॅक्सल बसतो ती जागा), तिथून मागं डिरेलर, अगदी नेमकी, आणि तेवढीच वायर मागवली. सगळं जोडलं, चाललं सुद्धा. मग सीटची उंची बदलायला सीटपोस्ट वर ओढला आणि आतून टक् आवाज आला, बॅटरीची वायर निघाली. सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढून हातात धरता येईल एवढी ढील हवी, नाहीतर दर वेळी चिमट्यानं वायर शोधत बसाल. या वायरी ठरावीक मापात येतात, मधलं माप नाही मिळालं तर मोठी घ्या, छोटी कधीच नाही.

दुसरी चूक जास्त कॉमन. वायर जॅकमध्ये टेकली म्हणजे बसली असं नाही. ती बसल्यावर बारीक टक् आवाज येतो आणि बोटाला जाणवतो सुद्धा. त्यासाठी शिमानोचं प्लॅस्टिकचं छोटंसं टूल येतं, नव्या वायरीला टीएल-ईडब्ल्यू३००, जुन्या वायरीला वेगळं. बोटानं दाबली तर अर्धवट राहते, चालते पण, आठवडाभर, आणि मग एखाद्या खड्ड्यात सुटते. काढताना वायर धरून ओढू नका, तिथंही तेच टूल. गिअर अधूनमधून पडत नाहीत, कधी पडतात कधी नाही, अशी तक्रार असेल तर अॅप, फर्मवेअर (गिअरच्या आतलं सॉफ्टवेअर), बॅटरी सगळं बाजूला ठेवा आणि आधी प्रत्येक जॅक एकदा काढून परत टक् करून बसवा. जुन्या सेटमध्ये बॉटम ब्रॅकेटजवळ एक जंक्शन (वायरी जोडायची डबी) पण असतं, ते फिरणाऱ्या अॅक्सलला घासत नाहीये ना तेही बघा.

आणि खडखड. फ्रेम आतून पोकळ, वायर आत लोंबकळते, आणि आपले रस्ते तुम्हाला माहितीच आहेत. वायरीवर दर १०-१२ सेंटीमीटरला छोटे झिपटाय लावा आणि त्यांची शेपटं कापू नका, ती शेपटंच फ्रेमच्या भिंतीला टेकून वायरीला धरून ठेवतात. हे वायर आत घालायच्या आधी करायचं. नंतर सुचलं की सगळं परत बाहेर.

पुढच्या डिरेलरचा तो छोटा बोल्ट

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा तपशीलात सांगतो. इलेक्ट्रॉनिक पुढचा डिरेलर केबलवाल्यापेक्षा खूप जोर लावतो. चेन छोट्या रिंगवरून मोठ्यावर ढकलताना तो स्वतःच वळायला बघतो. म्हणून त्यात एक सपोर्ट बोल्ट असतो जो सीट ट्यूबला टेकतो, आणि फ्रेमवर ओरखडा पडू नये म्हणून त्याच्याखाली चिकटवायची पातळ धातूची पट्टी बॉक्समध्येच येते. माझ्या बॉक्समधली ती पट्टी मी स्टिकर समजून मुलीला दिली. खरं सांगतोय. नंतर चेन मोठ्या रिंगवर चढताना कुचकुच करायची, चार वेळा चढायची, पाचव्यांदा पडायची. कार्बन फ्रेम असेल तर ही पट्टी विसरूच नका, बोल्ट सरळ कार्बनवर दाबला जातो. आणि क्रम लक्षात ठेवा, आधी डिरेलरची उंची आणि कोन, मग सपोर्ट बोल्ट, मग बाकीचं ट्युनिंग. उलटं केलंत तर सपोर्ट बोल्ट आवळताना कोन बदलतो आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

हँगर

वाकडा हँगर केबलवाल्या गिअरला पण त्रास देतो, पण तिथं आपण बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण बदलणारा स्क्रू) फिरवून फिरवून चालवून घेतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये मागचा डिरेलर ठरलेल्या मापानंच सरकतो, हँगर दोन मिलिमीटर आत असला की तीन गिअर छान आणि बाकीचे कुरकुर. ट्रेनमधून, बसच्या टपावरून, मित्राच्या गाडीच्या डिकीतून सायकल गेली असेल तर नवा ग्रुपसेट (गिअरचा पूर्ण सेट) लावायच्या आधी हँगर गेजवर तपासून घ्या. दुकानात पाच मिनिटांचं काम आहे.

हँगर सरळ असेल तर ट्युनिंग खरंच सोपं. शिमानोच्या ११-स्पीडची पद्धत सांगतो. चेन मागच्या सगळ्यात मोठ्या गिअरपासून पाचव्या गिअरवर आणायची, अॅडजस्ट मोडमध्ये जायचं, चेन शेजारच्या मोठ्या चौथ्या गिअरला हलकंच घासून आवाज यायला लागेपर्यंत आत सरकवायचं, आणि मग चार क्लिक बाहेर. झालं. यात लोक मध्येच घाईनं अंदाजपंचे आठ-दहा क्लिक मारतात आणि मग कुठं होतो तेच विसरतात.

अॅप आणि फर्मवेअर

राईडच्या आदल्या रात्री फर्मवेअर अपडेट करू नका. परत वाचा. अपडेटला वेळ लागतो, फोन सायकलजवळच ठेवावा लागतो, मध्येच फोन आला किंवा बॅटरी अर्धवट असेल तर अडकतं. ६०० किलोमीटरच्या ब्रेवेच्या (ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब राईडच्या) आदल्या रात्री साडेअकराला मी हे केलंय, पहाटे ५ चा स्टार्ट, आणि दीड वाजता मी बाल्कनीत सायकलसमोर मांडी घालून बसलोय आणि बायको दारात उभी राहून विचारतेय, "अहो, हिला पण झोपवताय का?"

दुसरं म्हणजे सिंक्रो शिफ्ट. यात तुम्ही फक्त मागचा गिअर बदलत राहता आणि ठरावीक जागी पुढची रिंग आपोआप बदलते. सपाट रस्त्याला मस्त. पण चढावर उभं राहून पायडल मारताना अचानक रिंग बदलली की पाय हवेत गेल्यासारखा होतो. सुरुवातीचा महिनाभर बंदच ठेवा, सवय झाल्यावर सेमी-सिंक्रो बघा, त्यात रिंग तुम्हीच बदलता आणि मागचे गिअर सिस्टीम सांभाळून घेते.

पावसाळा आणि बटण सेल

डिरेलर पावसाला घाबरत नाहीत, प्रेशर वॉशरला घाबरतात. गाडी धुवायच्या ठिकाणी सायकल देऊच नका. बादली, मऊ कापड, बास. शिफ्टरमधला सेल बदलताना झाकणाची रबर सील दुमडली की पुढच्या पावसात पाणी आत.

सेल कुठला तेही बघून ठेवा. स्रॅमच्या शिफ्टरमध्ये सीआर२०३२ लागतो, तो कुठल्याही गावात घड्याळवाल्याकडे मिळतो. शिमानोच्या नव्या अल्टेग्राच्या शिफ्टरला सीआर१६३२ लागतो, आणि हा सेल भोरच्या घड्याळवाल्यानं मला उलट विचारला होता, "हा असतो का?" सॅडल बॅगेत पाकीट ठेवा.

स्रॅमवाल्यांना अजून एक. तुमच्या दोन्ही डिरेलरच्या बॅटऱ्या सारख्याच असतात, एकेक साधारण ६० तास चालते. मागची उतरली तर पुढची काढून मागं लावा आणि एकाच रिंगवर घरी या. आणि गाडीतून सायकल नेताना बॅटऱ्या काढून ठेवा, कारण हलल्यावर सिस्टीम जागी होते आणि पुणे-गोवा प्रवासभर जागीच राहते. विमानात या सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, केबिनमध्ये घ्याव्या लागतात.

पडल्यावर

शेवटचं, सायकल पडल्यावरचं. माझ्या एका मित्राची ११-स्पीड डीआयटूवाली सायकल खंबाटकीच्या अलीकडे चहाच्या टपरीवर भिंतीला टेकवलेली होती, ती डिरेलरच्या बाजूनं आडवी झाली. उचलली तर मागचा एकही गिअर पडेना. त्यानं आधी डिरेलर गेला म्हणून कपाळाला हात लावला, मग टेम्पो बोलावला, मग मला फोन केला. क्रम चुकला. जोरात मार बसला की डिरेलर वाचावा म्हणून मोटर आणि डिरेलरचा हात यांचा सांधा आपोआप सुटतो. हँडलजवळच्या जंक्शनचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं, लाल दिवा लुकलुकला की सोडायचं, मागचं चाक उचलून पायडल फिरवायचं, सांधा परत जुळतो. फोनवर सांगितलं, त्यानं केलं, चालू. तोपर्यंत टेम्पो येऊन उभा राहिला होता, आणि टेम्पोवाल्यानं अर्धं भाडं घेतलंच.