विज्ञानाच्या शिक्षकांनी स्वतःहून काही करावं असं वाटतं? मग या चुका टाळा

"आमचे विज्ञानाचे शिक्षक स्वतःहून काही करतच नाहीत" ही तक्रार ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही मुख्याध्यापकांच्या बैठकीत कानावर येते. करणार कसे? क्रम, वेळ, साहित्य, सगळं आधीच वरून ठरलेलं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे वार्षिक नियोजन काळ्या दगडावरची रेघ मानणं. ठाणे खाडीत फ्लेमिंगो हिवाळ्याच्या तोंडावर येतात आणि मेपर्यंत दिसतात. खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. तरी नियोजनात जुलै लिहिलाय म्हणून ऐरोली-वाशीच्या मुलांना पक्ष्यांचा धडा चित्रांवरच उरकावा लागतो. उलट गांडुळं, शेवाळ, मैदानाच्या कडेला उगवलेला टाकळा हे सगळं शाळा उघडते तेव्हाच समोर असतं. वर्षअखेर अभ्यासक्रम पूर्ण करण्याची जबाबदारी शिक्षकांची आहेच, मग धडे मागेपुढे करायची मुभाही त्यांना द्या, आणि तीही लेखी. यात घटक चाचणी आडवी येते. म्हणून तिचा पोर्शन त्या इयत्तेच्या सगळ्या तुकड्यांच्या शिक्षकांनी मिळून ठरवावा.

साहित्याचं कपाट उघडतच नसेल, तर डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही बघा. फुटलेल्या चंचुपात्राची भरपाई शिक्षकाच्या खिशातून होणार असेल, तर प्रयोग फळ्यावरच होणार. काच फुटणारच, ती खर्ची टाका. लिंबू, सोडा, सेल यांसाठी थोडी रक्कम शिक्षकांकडेच ठेवा. ३५ मिनिटांच्या तासात मांडामांड-आवराआवर धरून प्रयोग बसत नाही. आठवड्याला एक जोडतास तरी हवाच.

पाठनिरीक्षणातली चूक जरा सूक्ष्म आहे. बशीतल्या पाण्यात जळती मेणबत्ती उभी करून वर ग्लास पालथा घातला, की ती विझते आणि पाणी आत चढतं. "ऑक्सिजन संपला म्हणून", असं सर्रास सांगितलं जातं. एखाद्या बाई त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावतात. पाणी आणखी वर चढतं! ऑक्सिजन तर तेवढाच होता. तापलेली हवा प्रसरण पावून बाहेर पडते, उरलेली थंड होऊन आकसते, हे मुलांच्या तोंडून येईपर्यंत तास संपतो. अशा वेळी शेऱ्यात "पाठ अपूर्ण" लिहिलंत, तर पुढच्या वेळी एकच मेणबत्ती लागेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगतं. त्यातल्या काही तासांचा विषय तरी त्यांना निवडू द्या. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र वाशीच्या पुढच्याच स्टेशनला, मानखुर्दला आहे.

आणि "तुम्हाला हवं ते करा" म्हणून हात झटकणं ही मोकळीक नव्हे. प्राथमिकला कला शाखेतून आलेल्या शिक्षकांनाही विज्ञान शिकवावं लागतं, तिथे तर हे थेट वाऱ्यावर सोडणं होतं. त्यांचा आणि एखाद्या मुरलेल्या सहकाऱ्याचा आठवड्यातला एक ऑफ तास एकाच वेळी येईल असं बघा. ते जूनमध्ये वेळापत्रक लावतानाच करावं लागतं, नंतर कुणी तास बदलून देत नाही.